उरलेल्या उन्हाळ्याचे काय करावे?

एका वाचक भगिनीने लिहिले आहे: "या उन्हाळ्यात घरातल्या सर्वांनी मिळून पंधरा दिवसांचा मोठा प्रवास करायचा, असे आम्ही दोन वर्षे ठरवत होतो. यजमानांची रजा नामंजूर झाली, घराच्या दुरुस्तीचा खर्च अचानक अंगावर आला आणि बेत रद्द करावा लागला. निदान जवळचे शहर एका दिवसात पाहून येऊ, म्हणून निघालो. यादीत नऊ ठिकाणे होती, त्यांतली पाच झाली. चारच्या सुमारास धाकट्याने (वय ९) रस्त्यातच बसकण मारली, थोरलीने (वय १४) बोलणे टाकले, सासूबाईंचे गुडघे धरले, आणि परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. पुढच्या रविवारी ताज्या बेरी आणून घरी पाई (मैद्याच्या दोन पाऱ्यांत फळांचे सारण भरून ओव्हनमध्ये भाजतात ती) केली. वरून सुरेख दिसत होती, पण कापताच आतला रस ताटभर वाहिला आणि खालची पारी कच्ची निघाली. ओळखीच्यांचे समुद्रकिनाऱ्यांवरचे फोटो पाहिले की वाटते, लहानसहान आनंद ही न परवडणाऱ्यांनी करून घेतलेली समजूतच असते. अर्धा उन्हाळा तर संपला. उरलेल्याचे काय करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा परतीच्या गाडीतल्या त्या शांततेपाशी थांबले. रद्द झालेल्या प्रवासाचे दुःख खरे आहे आणि ते कोणत्याही पाईने किंवा एका दिवसाच्या सहलीने भरून निघणार नाही, हे आधी मान्य करू. मुलांना तर ते अधिक लागते, कारण नऊ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने दोन वर्षे म्हणजे फार मोठा काळ असतो. तेव्हा एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे आणि आपला प्रवास हुकला, त्याचे आपल्याला वाईट वाटते आहे, एवढे मोकळेपणाने बोलून घ्यावे, असे मी सुचवते. "जाऊ द्या, घरीच किती मजा आहे," असे मात्र मुलांना सांगू नका. ते त्यांना पटणार नाही, आणि पुढे जी मजा खरोखर येईल तिच्याकडेही ती संशयाने पाहू लागतील.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. लहान आनंद ही समजूत असते का? मला तसे वाटत नाही, पण लहान आनंदाला मोठ्याच्या जागी उभे केले की त्याची समजूत होऊन बसते, हेही मी अनुभवाने जाणते. एका दिवसात नऊ ठिकाणे पाहण्याचा बेत लहान नव्हताच. हुकलेले पंधरा दिवस तुम्ही एका दिवसात दाबून बसवायला निघाला होता, आणि त्या ओझ्याखाली नऊ वर्षांचे मूल रस्त्यात बसले यात त्याचा काहीच दोष नाही. पाईच्या बाबतीतही मला तीच घाई दिसते. ती कशी, ते पुढे सविस्तर सांगते.

अर्धा उन्हाळा संपला, हा हिशेबही जरा तपासून पाहा. उत्तर गोलार्धात सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या आसपास असतो आणि त्यानंतर दिवस लहान होऊ लागतात, हे खरे. परंतु जमीन आणि पाणी तापायला वेळ लागत असल्यामुळे तुम्ही राहता तशा समशीतोष्ण प्रदेशांत खरी ऊब त्यानंतर काही आठवड्यांनी शिगेला पोहोचते, आणि बऱ्याच बेरीही त्याच सुमारास भरात येतात. तुमच्या हाती उरलेला काळ हा उन्हाळ्याचा मध्य आहे.

आधी शहराबद्दल लिहिते. तुम्ही पुन्हा त्याच शहरात जावे, असे मी आग्रहाने सांगेन. स्थानकातून बाहेर पडायचा रस्ता, पिण्याचे पाणी कोठे मिळते, बसायला सावली कोठे आहे, हे तुम्हाला आता ठाऊक आहे, आणि दुसऱ्या भेटीत मनावरचा बराचसा ताण एवढ्याने कमी होतो. या वेळी यादीत दोनच ठिकाणे ठेवा. एक थोरलीने निवडावे, दुसरे धाकट्याने, आणि मोठ्यांनी त्या निवडीला नाक मुरडू नये. धाकट्याने पूल किंवा कारंजे निवडले, तर तेच आजचे प्रेक्षणीय स्थळ समजावे. चौदा वर्षांच्या मुलीला नकाशा आणि वेळापत्रक सोपवा. आपल्याला कोणी ओढत नेत नाही, आपणच सर्वांना नेतो आहोत, असे वाटले की त्या वयातल्या मुलींचे बोलणे परत येते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

दिवसाची मांडणी उन्हाप्रमाणे करावी. पहिल्या गाडीने निघून आठच्या आत पोहोचलात, तर दोन-तीन तास मोकळे, गार रस्ते मिळतात आणि चालण्याचे जे काही काम असेल ते अकरापर्यंत उरकते. बारा ते चार हा वेळ जाड भिंतींच्या आत घालवावा. जुन्या दगडी वास्तू, ग्रंथालये आणि संग्रहालये त्यासाठीच आहेत, असे मी मानते. बरीच संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि काही ठिकाणी ठरावीक दिवशी प्रवेश मोफत असतो, म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही गोष्टी पाहून घ्या. संध्याकाळी ऊन उतरले तरी फरसबंद चौकात गारवा येत नाही, कारण दगड आणि डांबर दिवसभर शोषलेली उष्णता रात्रीपर्यंत बाहेर टाकत राहतात. त्या वेळी पाण्याजवळ किंवा झाडांखाली जावे. सासूबाई आणि धाकटा थकले असतील, तर एखाद्या शहर बसने पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत बसून जावे आणि त्याच बसने परत यावे. खिडकीशी बसून तासाभरात दिसणारी घरे, दुकाने, गॅलऱ्यांवर वाळत घातलेले कपडे आणि शाळेच्या भिंती यांतून ते शहर जितके कळते तितके प्रेक्षणीय स्थळांच्या रांगेत उभे राहून कळत नाही. पादत्राणे मात्र सर्वांची वापरलेलीच असू द्या. नव्या बुटांनी अनेक सहली मोडलेल्या आहेत.

संग्रहालयात लवकर थकवा येतो म्हणून मुलांना बोलू नये. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली याच थकव्यावर लेख लिहिला होता. मांडलेल्या वस्तू नीट पाहण्यासाठी माणसाला किती वाकावे, वळावे आणि उकिडवे बसावे लागते, हे त्यांनी छायाचित्रे काढून दाखवले. तेव्हा एकच दालन निवडा आणि त्यातही प्रत्येकाने एकच वस्तू निवडून ती नीट पाहावी. माझी मुलगी दहा वर्षांची असताना आम्ही अशाच एका दुपारी उन्हापासून पळून एका लहान संग्रहालयात शिरलो होतो. एका कपाटात मातीची साधी भांडी होती आणि त्यांतल्या एकाच्या बुडाशी, कडेला, कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा राहून गेला होता. माती ओली असताना त्याने भांडे उचलले असेल आणि ठसा पुसायचे विसरला असेल. मुलीने काचेच्या अलीकडून आपला अंगठा त्या ठशासमोर धरला, मान तिरकी करून मापाचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "आई, याचा अंगठा लहान आहे. हा मुलगा असेल." आम्ही त्या कपाटासमोर अर्धा तास होतो. त्या दिवशी आणखी काय पाहिले, ते आम्हा दोघींनाही आज आठवत नाही.

परतीची गाडी शेवटची न धरता तिच्या आधीची धरा. दमून जाण्याच्या तासभर आधी निघालेली माणसे गाडीत बोलतात, आणि तुमच्या घराला आत्ता त्या बोलण्याची गरज आहे.

ओळखीच्यांच्या फोटोंविषयी फार लिहीत नाही. रात्री झोपण्यापूर्वी ते पाहणे उन्हाळा संपेपर्यंत बंद ठेवा, एवढेच सांगते.

आता पाईकडे वळते. तुमच्या पत्रातला हा भाग वाचताना मला सर्वांत जास्त बरे वाटले, कारण ही चूक पूर्णपणे दुरुस्त होण्यासारखी आहे. रस वाहण्याची कारणे बहुधा दोन असतात: पाई ओव्हनमधून लवकर काढलेली असते आणि गरम असतानाच कापलेली असते. बेरींमध्ये पाणी फार असते. स्ट्रॉबेरीत वजनाच्या सुमारे ९१ टक्के आणि ब्लूबेरीत सुमारे ८४ टक्के. साखर लागली की हे पाणी बाहेर सुटते आणि त्याला बांधून ठेवायचे काम कॉर्नफ्लोअर करते. मात्र कॉर्नफ्लोअर पुरते दाट होण्यासाठी सारण जवळजवळ उकळीपर्यंत, म्हणजे ९५ अंश सेल्सियसच्या आसपास, तापावे लागते, आणि सारणातल्या साखरेमुळे ते दाट व्हायला आणखी उशीर लागतो. वरची पारी सोनेरी झाली म्हणून आपण पाई बाहेर काढतो, तेव्हा मध्यभागीचे सारण त्या तापमानाला पोहोचलेले नसते. म्हणून रंगावर विसंबू नका. वरच्या पारीला दिलेल्या चिरांमधून, आणि तेही अगदी मधल्या चिरेतून, रस जाडसर बुडबुड्यांनी संथपणे रटरटताना दिसला पाहिजे. कडा जास्त लाल होऊ लागल्या, तर त्यांवर ॲल्युमिनियम फॉइल झाकावी आणि वाट पाहावी.

साधारण २३ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यासाठी प्रमाण असे घ्या. पारीला ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम थंड बटर आणि १०० मिलिलिटरपर्यंत बर्फाचे पाणी, म्हणजे वजनाने तीनास दोनास एक, आणि चिमूटभर मीठ. बटरचे लहान तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळावेत, परंतु मोहन चोळतो तसे पूर्ण एकजीव करू नये. वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. बटरमध्येही थोडे पाणी असते, ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि ती पारीचे पदर सुटे करते. तुकडे आधीच वितळले, तर पदर सुटत नाहीत. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि आपला तळहात जवळजवळ तितकाच गरम असतो, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करावे आणि तळहात लावूच नये. पाणी थोडे थोडे शिंपडत पीठ गोळा होईल इतकेच घालावे, मळत बसू नये. गोळ्याचे दोन भाग करून तासभर फ्रीजमध्ये ठेवावेत.

सारणाला ७५० ग्रॅम बेरी, १२० ते १५० ग्रॅम साखर, चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि किंचित मीठ पुरते. बेरी निवडताना पूर्ण पिकलेल्याच घ्या, कारण स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी तोडल्यानंतर पिकत नाहीत, घरी ठेवून त्या गोड होतील अशी आशा करू नये. धुवायच्या त्या अगदी वापरण्यापूर्वी. ओल्या बेरी ठेवल्या की लवकर बुरशी धरतात. बेरींना साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवावे, खालच्या भांड्यात निथळलेला रस वेगळा आटवून निम्मा करावा, पूर्ण गार झाल्यावर त्यात कॉर्नफ्लोअर कालवावे आणि मग तो बेरींवर घालावा. पाच-दहा मिनिटांचे हे काम आहे, परंतु तुमच्या ताटभर वाहिलेल्या रसावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. स्ट्रॉबेरी निवडून तिची देठे काढायचे काम सासूबाईंना आणि धाकट्याला समोरासमोर बसवून द्या. स्ट्रॉबेरीच्या अंगावरचे जे बारीक दाणे आपण बी समजतो, तो प्रत्येक दाणा वनस्पतिशास्त्राप्रमाणे स्वतंत्र फळ असतो, हे त्याला सांगितले, तर तो निदान एका स्ट्रॉबेरीवरचे दाणे मोजल्याशिवाय राहणार नाही.

खालची पारी कच्ची राहते, कारण तिला खालून पुरेशी उष्णता मिळत नाही आणि वरून ओले सारण बसते. यासाठी धातूचे भांडे वापरा, ओव्हन तापवतानाच त्यात खालच्या बाजूला रिकामा ट्रे ठेवा आणि भरलेली पाई त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा. काचेचे थंड भांडे मात्र तापलेल्या ट्रेवर कधीही ठेवू नका, ते तडकू शकते. पारी सुमारे ३ मिलिमीटर जाड लाटावी, सारण ओव्हनमध्ये घालायच्या वेळीच भरावे, वरच्या पारीला चार-पाच चिरा द्याव्यात आणि कडेला मुरड घालावी. ही मुरड सासूबाईंच्याच हातून घालून घ्या. वर्षानुवर्षे ज्या बोटांनी हे काम केलेले असते, त्यांची मुरड ओव्हनमध्ये सुटत नाही. पहिली २० मिनिटे २२० अंशांवर भाजा, मग तापमान १९० अंशांवर आणून आणखी ३५ ते ४५ मिनिटे, किंवा वर सांगितल्याप्रमाणे मधल्या चिरेतून जाड रस रटरटेपर्यंत.

यानंतरचे तीन-चार तास सर्वांत कठीण असतात. गरम सारण दाट झालेले असले तरी पातळच वाटते. ते जसजसे निवते तसतशी कॉर्नफ्लोअरची बांधणी पक्की होते आणि मगच तुकडा सुरीवर उभा राहतो. माझी पहिली पाई मी वीस मिनिटांत कापली होती, पाहुणे ताटावर बसलेले होते म्हणून, आणि तुमच्यासारखाच रस वाहिला होता. म्हणून पाई जेवणाच्या वेळेला धरून करू नका. सकाळी दहाला ओव्हनमधून निघेल अशी करा, जाळीवर ठेवा आणि घर सोडून बाहेर पडा. हा वेळ काही आठवड्यांनी येणाऱ्या सहलीच्या आखणीला द्या, पोहायला जा, किंवा झाडाखाली सतरंजी टाकून थोरलीला हवे ते पुस्तक वाचू द्या आणि तिला हाक मारू नका. परत आल्यावर दार उघडताच घरभर भाजलेल्या बटरचा आणि आटलेल्या बेरींचा वास पसरलेला असतो. धाकटा बूटही न काढता स्वयंपाकघरात धावला, तर त्याला अडवू नका.

उरलेल्या आठवड्यांसाठी आणखी एक तारीख लिहून ठेवा. दर वर्षी १२ आणि १३ ऑगस्टच्या सुमारास पर्सीड उल्कावर्षाव भरात असतो आणि उत्तर गोलार्धातून तो चांगला दिसतो. मध्यरात्रीनंतर, शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर, पाठीवर पडून पाहावे. दुर्बीण लागत नाही, उलट नुसत्या डोळ्यांनी आकाशाचा मोठा भाग एकदम दिसतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात कोणीही मोबाइल पेटवू नये. चंद्रप्रकाश किंवा ढग असतील, तर सरळ झोपावे आणि पुढच्या रात्री पुन्हा पाहावे.

एका रविवारी पाई, एका शनिवारी शहर आणि ऑगस्टमधली ती एक रात्र, एवढे तीनच बेत दिनदर्शिकेवर लिहा आणि मधले दिवस कोरे राहू द्या. कोऱ्या दिवशी मुले "कंटाळा आला" म्हणतील, तेव्हा लगेच उठून काहीतरी करायला लागू नका. तासाभराने तीच काहीतरी शोधून काढतात. हुकलेल्या मोठ्या प्रवासासाठीही एक लखोटा किंवा बँकेतले वेगळे खाते आत्ताच उघडा, त्यात जमेल तेवढी रक्कम दर महिन्याला टाका आणि मुलांना ते सांगा, म्हणजे या उन्हाळ्यातल्या बेतांवर त्या प्रवासाचा भार पडणार नाही.

पाईचा तुकडा उरलाच, तर झाकून थंड जागी तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. हवा फार उष्ण असेल, तर फ्रीजमध्येच ठेवा. सकाळी १८० अंशांवर पंधरा मिनिटे तापवला की खालची पारी पुन्हा खुसखुशीत होते. सासूबाईंना मात्र तो गारच देऊन पाहा. रात्रभरात रस पारीत थोडा मुरलेला असतो, आणि माझ्या आईला पाईचा हाच तुकडा सर्वांत जास्त आवडत असे.